दिवेकर कोण, कुठले?

मुंबईत मशीद बंदर स्टेशनाजवळ, मांडवीच्या घाऊक बाजारात सॅम्युएल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे यहुद्यांचं एक जुनं प्रार्थनामंदिर आहे. त्याची स्थापना १७९६ ची. आसपासचे लोक त्याला जुनी मशीद म्हणत आणि स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं मानलं जातं. मंदिराचा संस्थापक ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला देशी अधिकारी होता. त्याचं नाव सामाजी हसाजी दिवेकर.

सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे इझिकेल. बायबलमधली ही नावं कोकणात रुजताना त्यांना आपल्याकडचा ‘जी’ लागला. आब्राहामचा आबाजी झाला, बेंजामिनचा बनाजी. आडनाव मात्र आलं ते थेट श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरहून. मराठीच्या अगदी जुन्या लेखांत ज्याची गणना होते तो शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा ताम्रपट याच गावचा. ‘शिवभारत’ संपादून १९२७ साली प्रसिद्ध करणारे स. म. दिवेकर हिंदू, आणि त्यांच्या सव्वाशे वर्षं आधीचे सामाजी यहुदी. आडनाव एकच. म्हणून ही दोन्ही घरं एका रक्ताची ठरत नाहीत. दिवेकर हा शब्द कुळाची साक्ष देत नाही, गावाची देतो. आडनावांच्या अभ्यासात हा भेद पहिल्यांदा पक्का करून घ्यावा लागतो, कारण घरोघरीच्या वंशावळी नेमक्या इथेच घसरतात.

सामाजी ज्या यहुदी समाजातले, त्या बेने इस्रायल समाजाची मूळकथा रायगड जिल्ह्यात अनेकांना ठाऊक असेल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, धर्मग्रंथ समुद्राने नेले. ही मंडळी कोकणात राहिली आणि तेलाच्या घाण्यावर पोट भरू लागली. शनिवारी घाणा जुंपत नाहीत म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहिला, तो १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. त्यांनी ही घटना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेऊन ठेवली आहे. तिला समकालीन कागदाचा आधार नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने या समाजात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि इथल्या लोकांचा, असे दोन्ही वारसे असल्याचं दाखवलं. तो संकर साधारण साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीचा असावा, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे.

नवगावनंतर काय झालं, हे सांगायला मूळकथा फारशी उपयोगी पडत नाही. तिथे मला आडनावं अधिक भरवशाची वाटतात. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, राजपूरकर, अष्टमकर, घोसाळकर, झिराडकर: या समाजात अशी शंभराहून अधिक ‘कर’ आडनावं आहेत. ती नकाशावर मांडत गेलं की जुना कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा आणि जंजिरा संस्थानचा मुलूख भरत जातो. शंभर गावं, आणि प्रत्येक गावात घाण्याची थोडी घरं. एका गावाला तेल पुरवायला किती घरं लागणार? पुढच्या पिढीला पुढचं गाव गाठावंच लागलं असणार. आणि दिवेआगरात राहणाऱ्याला दिवेआगरात कुणी दिवेकर म्हणत नाही. तो दुसऱ्या गावी गेला की तिथले लोक म्हणतात. म्हणजे ज्या गावाचं आडनाव, ते गाव त्या घराने कधीतरी सोडलेलं असतं. केहीमकरांचं किहीम, झिराडकरांचं झिराड ही सगळी अशी मागे राहिलेली गावं.

अठराव्या शतकात या गावांतली माणसं मुंबईकडे निघाली. कंपनीच्या देशी पलटणींत त्यांना मान होता आणि बढतीही मिळे. सामाजी त्यांच्यातलेच. म्हैसूरच्या युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले आणि सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असा नवस बोलले, अशी समाजात आख्यायिका आहे.

नंतर मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, बायबल मराठीतून हाती आलं आणि सामाजीचे पुन्हा सॅम्युएल झाले. साहेबी वळणाने बापाचं किंवा आजोबाचं नाव आडनावाच्या जागी बसलं. मोझेस, सॅमसन, रूबेन, बेंजामिन, इझिकेल ही आडनावं अशी तयार झाली आणि कित्येक घरांचं गाव कागदावरून गळालं. १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस मूळचे राजपूरकर. महालक्ष्मी-वरळीच्या रस्त्याच्या नावात ‘ई. मोझेस’ तेवढं उरलं. ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा, आपले डेव्हिड, हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, चौलचं नाव पडद्यावर आलं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावात मात्र गाव टिकलं, फक्त ‘कर’ गेला.

१९४८ नंतर मोठा वर्ग इस्रायलला गेला आणि लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बीरशेबा अशा शहरांत वसला. तिथे १९६२ साली धर्मपीठाने या समाजातल्या विवाहांआधी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. यहुदी धर्मशास्त्र आईकडून वंश मोजतं. दिवेकर, पेणकर ही आडनावं तर बापाकडून आलेली. आजी, पणजी कुठल्या घरची, हे त्यांतून कसं कळावं? पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळणाऱ्या माणसांकडे पणजीचा पुरावा मागणं हा उघड अन्याय होता. लोक रस्त्यावर उतरले आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना इतर यहुद्यांच्या बरोबरीचं मानलं.

आज भारतात हा समाज काही हजारांवर आला आहे. अलिबाग, रेवदंडा, पनवेल इथली प्रार्थनामंदिरं उभी आहेत, पण आडनावांचा सर्वांत मोठा साठा गावोगावच्या कबरस्तानांत आहे. तिथल्या दगडांवर हिब्रूच्या जोडीला मराठीतही नावं कोरलेली आढळतात. कोकणातली खारी हवा आणि पावसाळे ती अक्षरं खात आहेत. रायगडातल्या शाळा-कॉलेजांनी आपल्या हद्दीतल्या एकेका कबरस्तानाची नोंद हाती घेतली, तर काम आवाक्यातलं आहे. दगडाचं छायाचित्र, नाव, आडनाव, साल आणि जागा एवढं टिपलं तरी पुरे. आणि वाचकांपैकी कुणाच्या घरी जुन्या खरेदीखतात, खातेवहीत किंवा शाळेच्या दाखल्यावर शनवार तेल्यांची नावं असतील, तर ते कागद रद्दीत घालू नका. त्यांची नक्कल जवळच्या इतिहास मंडळाकडे द्या.