नुसती हौस

तो फोटो तुमच्याही फोनवर येऊन गेला असणार. वर इस्त्रीचा शर्ट, कोट आणि टक्कल, खाली गुडघ्यापर्यंतचा घट्ट स्कर्ट आणि चार इंचांच्या टाचा. मार्क ब्रायन, जन्माने अमेरिकी, मुक्काम जर्मनी, पेशाने रोबोटिक्सचा अभियंता. 2020 साली, वयाच्या 61 व्या वर्षी तो जगभर पोचला. असे फोटो मरत नाहीत. आमच्या वर्ध्यातल्या निवृत्तांच्या ग्रुपवर या उन्हाळ्यात त्याने पुन्हा डोकं वर काढलं आणि सकाळच्या फेरीनंतरचा चहा सगळा त्याच्यावरच संपला.

"नाटकात काम करते का हा?" एका निवृत्त मास्तरांनी विचारलं.

नाही.

"मंग काही आंदोलन-गिंदोलन?"

तेही नाही.

"मंग तसला असन."

बायको आहे, मुलं आहेत, आणि आपण पुरुषच आहोत असं तो स्वतः सांगतो, मी म्हणालो.

"मंग काहून घालते बाप्पा?"

आवडतं म्हणून. यावर मास्तरांनी कप खाली ठेवला. नाटक चाललं असतं, नवस चालला असता, डॉक्टरने सांगितलंय म्हटलं असतं तरी चाललं असतं. साठी ओलांडलेल्या बाप्याला एखादा कपडा घालून मजा येते, एवढंच कारण मात्र टपरीवर कोणाच्या गळी उतरेना. 'हौसेला मोल नाही' असं आपण म्हणतो खरं, पण ते बायकांच्या पैठणीसाठी आणि पोरांच्या वाढदिवसासाठी.

ब्रायनचं म्हणणं साधं आहे. तो टोप लावत नाही, लाली-पावडर करत नाही, आवाज बदलत नाही. त्याच्या मते पॅन्टमध्ये रंग चारच, स्कर्टमध्ये मात्र नक्षी, फुलं, पट्टे, सगळं मिळतं. यात त्याचं काय चुकलं? आपल्या लग्नांतून आहेर म्हणून पिढ्यान्‌पिढ्या फिरणारे पॅन्टपीस आठवा. काळा, करडा, तपकिरी, निळा. ते कोणी शिवत नाही, पुढच्या लग्नात देऊन टाकतात.

टाचांची गोष्ट त्याहून मजेची, आणि ती एलिझाबेथ सेमेलहॅक यांच्याकडून ऐकावी. कॅनडात टोरांटोला बाटा शू म्युझियम आहे, तिथल्या त्या क्युरेटर. (हो, शाळेच्या काळ्या बुटांवाली तीच बाटा. ती भारतीय कंपनी आहे असं आपल्यातले निम्मे लोक आजही समजतात. ती मूळची चेक.) सेमेलहॅकबाईंनी 2015 मध्ये तिथे फक्त पुरुषांच्या उंच टाचांचं प्रदर्शन भरवलं होतं. त्यांची मांडणी अशी, की उंच टाच जन्मली ती घोड्यावर. इराणचे स्वार रिकिबीत उभे राहून बाण सोडत. पाय घसरू नये म्हणून बुटाची टाच रिकिबीत अडकायला हवी, एवढंच तिचं काम. 1599 च्या सुमारास शाह अब्बासचे वकील युरोपच्या दरबारांत पोचले आणि तिथल्या उमरावांना त्या बुटांत मर्दानगी दिसली. टाच म्हणजे घोडा, घोडा म्हणजे लढवय्या. बायकांनी ती घातली मागाहून, पुरुषांची नक्कल म्हणून!

पुढे घोडा गेला आणि टाच उरली. चौदाव्या लुईचं रिगोने काढलेलं 1701 चं प्रसिद्ध चित्र पाहा. राजाने साठी ओलांडली आहे. अंगावरचा शाही झगा त्याने मुद्दाम बाजूला सारला आहे, पांढऱ्या मोज्यांतल्या पोटऱ्या पुढे काढल्या आहेत आणि पायात लाल टाचांचे बूट आहेत. लाल टाच घालायचा मान त्याच्या दरबारातल्या लोकांनाच होता. त्या चित्रासमोर उभं राहून कोणी 'साठी बुद्धी नाठी' म्हटलं असतं तर त्याचं काय झालं असतं, याचा विचार करून पाहावा. अठराव्या शतकात मात्र वारं फिरलं. पुरुष म्हणजे विवेक, कामाचा माणूस, नटवेपणा बायकांकडे. टाचा गेल्या, रेशीम गेलं, रंग गेले. जे. सी. फ्ल्यूगेल या मानसशास्त्रज्ञाने 1930 मध्ये याला पुरुषांचा महान त्याग असं नाव दिलं. त्याग कसला, मी तर म्हणेन नुकसान.

आणि हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर घरातला जुना अल्बम काढा. सत्तरच्या दशकात कॉलेजात गेलेल्या पिढीचे बेलबॉटम बघा आणि त्या घेराखाली लपलेल्या बुटांची टाच मोजा. आमच्या ग्रुपवरच्या निम्म्या मंडळींनी ब्रायनच्या चाळीस-पन्नास वर्षं आधी टाचा खटखटवल्या आहेत. तेव्हा त्याला 'स्टाइल' म्हणत.

बाईचा वेश पुरुषाने घेणं महाराष्ट्राला नवं आहे असं म्हणायची तर सोयच नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, 1905 मध्ये शकुंतला होऊन रंगमंचावर उभे राहिले आणि पुढची कित्येक वर्षं मराठी घरांतल्या बायका त्यांचं बघून नऊवारी नेसत आल्या. पदर कसा घ्यावा, गजरा कुठे माळावा, हे पुरुषाने बायकांना शिकवलं. 'धर्मात्मा'त (1935) ते एकनाथ झाले, पुरुषवेशात. प्रभात फिल्म कंपनीबरोबरचा तो संसार एकाच चित्रपटात आटोपला. पुढे 'साध्वी मीराबाई'त ते पडद्यावरही बाई झाले. तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली होती.

यल्लम्माचा जोगता साडी नेसतो, त्याच्या कपाळावर भंडारा असतो, लोक त्याच्या पाया पडतात. भारुडात बाप्या लुगडं नेसून येतो आणि कीर्तनाला आलेल्या आज्या तोंडाला पदर लावून हसतात. आमच्या पूर्व विदर्भातल्या खडी गंमतीत ढोलकी-डफावर बाईचं सोंग घेऊन नाचणारा पुरुषच असायचा. शिमग्याला तर कोणीही काहीही नेसावं. म्हणजे आपल्याकडे परवाना आहे, पण त्यावर कारण लिहावं लागतं: कला, देव, पोट किंवा शिमगा. खेळ संपला की लुगडं फेडायचं. ज्यांच्या बाबतीत लोकांनी ते फेडू दिलं नाही, त्यांचे हाल झाले. तमाशापटांत नाच्या रंगवणाऱ्या गणपत पाटलांना पडद्याबाहेरही लोकांनी नाच्याच ठरवलं. टोमणे त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचले. बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं, गणपत पाटलांना हे. अभिनय दोघांचाही होता.

या परवान्याची दुसरी बाजू कलेक्टर कचेरीसमोर दिसते. कोणत्याही पक्षाचं आंदोलन घ्या. अधिकारी ऐकत नाही म्हटलं की त्याला साडी-चोळी आणि बांगड्यांचा आहेर निघतो. अशा आंदोलनांच्या बातम्या मी स्वतः लिहिल्या आहेत, फोटोसकट, आणि त्यात काही वावगं आहे हे मला फार उशिरा सुचलं. बाईचा कपडा म्हणजे पुरुषाचा अपमान, हे त्या ताटातल्या हिरव्या बांगड्यांइतकं उघड. ब्रायनने नेमका हाच आहेर स्वतःच्या पैशाने विकत घेतला आहे आणि तो घालून ऑफिसला जातो. त्याला आता तुम्ही शिवी काय देणार?

उलट दिशेने मात्र रस्ता मोकळा आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत हिंगणघाट-समुद्रपूरकडच्या कोणत्याही शेतात बघा. बायांनी लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवलेला असतो. बोंडांचे काटे आणि ऊन, दोन्हींपासून बचाव. त्यांना कोणी 'पुरुषी' म्हणत नाही. अर्थात इथेही कारण आहे, मजुरीचं. आणि हा रस्ता पूर्वी सगळीकडे मोकळा नव्हता. पॅरिसमध्ये बायकांना पॅन्ट घालायची तर पोलिसांची परवानगी लागे, तो 1800 सालचा आदेश. तो बाद झाल्याचं सरकारने 2013 मध्ये सांगितलं. तोवर तो कोणी पाळत नव्हतं ही गोष्ट वेगळी.

आता वर्ध्यात बसून कपड्यांवर लिहायचं आणि सेवाग्रामला वळसा घालायचा, हे काही जमणार नाही. 1888 मध्ये लंडनला पोचलेल्या गांधी नावाच्या तरुणाने 19 शिलिंगांची उंच टोपी घेतली होती आणि बाँड स्ट्रीटवर 10 पौंडांचा सूट शिवला होता. कबुली त्यांचीच आहे. त्याच माणसाने 1921 च्या सप्टेंबरात, 52 वर्षं पूर्ण व्हायला आली असताना, मदुरैत पंचा धरला. 1931 मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात ते तसेच गेले, आणि 1936 मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, उघड्या गुडघ्यांनीच राहायला आले. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे ही तेव्हा जगभरची बातमी होती. त्यांचं कारण एवढं मोठं होतं, की हसणारे पुढे ओशाळले. पण मला कधीकधी वाटतं, पंचाने त्या माणसाला आरामही मिळत असेलच की. बापूकुटीत मे महिन्यात दुपारी बसून बघा. पारा 45 च्या पुढे असतो.

म्हणूनच या विषयावरचं माझं सगळ्यात आवडतं उत्तर ब्रॅड पिटचं आहे. 2022 च्या जुलैत बर्लिनला तो स्कर्ट घालून आला, वय 58. का घातला म्हणून विचारलं, तर म्हणाला, वारा लागतो. विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. आमच्याकडे उन्हाळ्यात घरात शिरलेला प्रत्येक पुरुष पहिल्या पाच मिनिटांत लुंगीवर येतो. दूध आणायला कोपऱ्यापर्यंत जायचं झालं की तोच पुन्हा पॅन्ट चढवतो. आजोबांच्या पिढीला तेही करावं लागत नव्हतं. धोतर नेसूनच ते कापसाच्या बाजारात जात. त्या धोतराला रेशमी काठ असे, आणि ते आजीच्या नऊवारीसारखंच न शिवलेलं, कासोटा मारून नेसलेलं कापड होतं.

टाचांची वकिली मी करणार नाही. वजन पंज्यावर येतं, पोटऱ्यांचे स्नायू आखडतात, गुडघ्यावरचा ताण वाढतो. साठीनंतर तोल जाऊन पडलं की खुब्याचं हाड आहेच. आमच्या रस्त्यांवर तर सपाट चपलेतही माणूस सरळ चालत नाही. पण हे सगळं बायकांनाही तितकंच लागू आहे, आणि त्यांना कोणी 'काहून' म्हणून विचारत नाही.

राहिला 'तसला' हा शब्द. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या खटल्यात स्पष्ट म्हटलं, की आपली लिंगओळख पोशाखातून व्यक्त करणं हा राज्यघटनेच्या कलम 19 मधल्या अभिव्यक्तीचाच भाग आहे. ज्यांच्यासाठी साडी ही ओळख आहे, त्यांनी त्यासाठी मार खाल्ला, घरं सोडली. ब्रायनची गोष्ट त्यांच्या पंगतीत बसवणं मला बरोबर वाटत नाही. पगारदार गोऱ्या माणसाला जर्मनीत जे सहज जमतं, ते आर्वी नाक्यावर कोणाला जमेल असंही नाही. पण मास्तरांच्या डोक्यात मात्र दोनच कप्पे होते, नाटकवाला आणि तसला. आणि हा माणूस कोणत्याच कप्प्यात बसेना.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी फोटो पुन्हा उघडला होता. चष्मा कपाळावर सरकवून, दोन बोटांनी मोठा करून ते स्कर्टची शिवण बघत होते. बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, "याले खिसा कुठी हाय? मोबाइल कुठी ठेवत असन हा?"