एक तार, अनेक जाळीं

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सावदा हें स्टेशन आहे. १८७० सालीं मुंबईकडील रूळ जबलपुरास कलकत्त्याकडील रुळांस मिळाले, आणि हा मार्ग देशाच्या दोन टोकांना जोडणारा दुवा झाला. सावद्याच्या मालधक्क्यावरून केळ्यांनीं भरलेल्या वाघिणी याच मार्गानें दिल्लीकडे जात आल्या आहेत. त्याच रुळांवरून उतारूंच्या गाड्या धांवतात आणि इतर मालही जातो. केळ्यांसाठीं निराळा लोहमार्ग बांधण्याची गरज कोणास भासली नाहीं. वाघिणीवर चिठ्ठी असली आणि जागोजागचे सांधे नीट फिरविले, म्हणजे एकाच मार्गावरून अनेक गांवांचा माल आपापल्या ठिकाणीं पोंचतो. संगणकांच्या जाळ्यांत हीच युक्ति योजिली आहे. तिला ‘व्हीलॅन’, म्हणजे आभासी स्थानिक जाळें, असें म्हणतात. आणि तेथील सांध्याचें काम ‘स्विच’ नांवाची पेटी करते.

या युक्तीची गरज कोठें पडते, तें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. सावद्यासारख्या गांवांत एक सार्वजनिक कचेरी आहे असें समजावें. तेथें कराचे हिशेब ठेवणारे संगणक आहेत, चौकांतील कॅमेऱ्यांचीं चित्रें येतात, टेबलावर टेलिफोन आहेत, आणि कामासाठीं आलेल्या नागरिकांकरितां वायफायचीही सोय आहे. हीं सर्व यंत्रें एकाच स्विचला जोडलीं आहेत. प्रत्येक यंत्राच्या जोडणीस ४८ बिटांचा एक पत्ता असतो. स्विचच्या पोर्टांतून, म्हणजे तार खोवण्याच्या खांचांतून, जो मजकूर येतो त्यावरील प्रेषकाचा पत्ता वाचून, कोणतें यंत्र कोणत्या पोर्टाच्या बाजूस आहे हें स्विच स्वतःच टिपून ठेवतो आणि पुढील मजकूर नेमका त्या पोर्टावर पाठवितो.

परंतु कांहीं निरोप सर्वांस उद्देशून असतात. ‘अमुक क्रमांकाचें यंत्र कोणतें?’ अशी हांक एकानें दिली, कीं स्विच ती उरलेल्या प्रत्येक पोर्टावर पोंचवितो. वीस यंत्रें असतां हा गलबला जाणवत नाहीं. हजार झालीं, कीं जो तो दुसऱ्याच्या हांका ऐकण्यांत वेळ दवडूं लागतो. याहून गंभीर गोष्ट ही कीं, बाहेरच्या बांकावर बसलेल्या पाहुण्याचा फोन आणि कराचे हिशेब ठेवणारा संगणक एकाच ओसरीवर येऊन बसतात. त्या फोनांत एखादा उपद्रवी प्रोग्राम असल्यास हिशेबाच्या दारापर्यंत जाण्यास त्याला कोणाची परवानगी लागत नाहीं.

यावर उपाय दोन. प्रत्येक कामासाठीं वेगळा स्विच व वेगळ्या तारा घेणें हा पहिला. तो खर्चाचा आहे. त्याच पेटीचे आंतल्या आंत भाग पाडणें हा दुसरा. अमुक पोर्ट हिशेबाचे, त्यांचा क्रमांक १०. अमुक कॅमेऱ्यांचे, त्यांचा २०. अमुक पाहुण्यांचे, त्यांचा ३०. असें स्विचला सांगितलें, म्हणजे दहाची हांक दहाच्याच घरांत राहते. पेटी एक, पण तिच्यांत तीन वाडे आणि मध्यें भिंती.

खरी खुबी पुढेंच आहे. कचेरीची दुसरी इमारत रस्त्यापलीकडे असली आणि तेथेंही एक स्विच असला, तर तिन्ही वाड्यांचा मजकूर एकाच तारेवरून कसा न्यावा? अमेरिकेंतील बेलकोर या संस्थेंत डेव्हिड सिंकोस्की यांनीं १९८० च्या दशकांत इथरनेटचीं मोठीं जाळीं कशीं उभारावीं याचा विचार करतां करतां आभासी जाळ्याची कल्पना पुढें आणली. १९९८ सालीं ‘८०२.१क्यू’ या मानकानें चिठ्ठीचें रूप ठरवून दिलें, आणि निरनिराळ्या कारखान्यांचे स्विच एकमेकांची चिठ्ठी वाचूं लागले. ही चिठ्ठी अवघ्या चार बाइटांची असते. तिच्यांत जाळ्याच्या क्रमांकासाठीं १२ बिटांची जागा आहे. त्यांतून ४०९६ क्रमांक निघतात. पहिला व शेवटचा राखीव असल्यामुळें ४०९४ वापरावयास उरतात.

दोन स्विचांना जोडणाऱ्या अशा सामाईक वाटेस ‘ट्रंक’ म्हणतात. ट्रंकवर मजकूर चढतांना चिठ्ठी लागते. दुसऱ्या टोकास यंत्राच्या पोर्टावर उतरतांना ती काढून टाकली जाते. बिचाऱ्या संगणकास तिचा पत्ताही नसतो. जो मजकूर चिठ्ठीवांचून ट्रंकवर येतो, त्यासाठीं दोन्ही टोकांस एक ‘मूळ’ क्रमांक ठरविलेला असतो. एका टोकास तो १ आणि दुसऱ्यास ९९ असला, तर पहिल्या वाड्यांतील निरोप निमूटपणें नव्याण्णवाव्या वाड्यांत जाऊन पडतो.

यावरून ध्यानांत येईल कीं, भाग पाडणें सोपें, पण अनेक स्विचांत त्या भागांचा मेळ राखणें कठीण. नवा क्रमांक ४० सुरू करावयाचा, तर वाटेंतील प्रत्येक स्विचला तो ठाऊक असावा लागतो आणि प्रत्येक ट्रंकवर त्यास जाण्याची मुभा असावी लागते. मधल्या एकाच ठिकाणीं विसर पडला, तर दोन्ही टोकांचे दिवे हिरवे दिसतात, तार शाबूत असते, आणि तरीही निरोप पोंचत नाहीं. कांहीं स्विचांवर अशी मेख आहे कीं, मुभेच्या यादींत ४० ‘मिळवा’ असें न म्हणतां नुसतें ४० लिहिलें, तर जुनी यादी पुसली जाऊन एकटा ४० उरतो. तंत्रज्ञ दूर बसून त्याच वाटेनें हुकूम देत असेल, तर तो आपल्याच पायाखालची फांदी तोडतो.

हा त्रास वांचविण्यासाठीं सिस्को कंपनीनें ‘व्हीटीपी’ ही सोय काढली. एका स्विचवर यादी बदलली, कीं इतर स्विच ती आपोआप उतरून घेतात. यादीस आवृत्तीचा क्रमांक असतो. ज्याचा क्रमांक मोठा, त्याची यादी खरी. येथेंच धोका आहे. दुसरीकडे वापरलेला जुना स्विच, त्याच समूहाचें नांव व तोच परवलीचा शब्द बाळगून, मोठ्या आवृत्ति-क्रमांकासह जाळ्यांत जोडला, तर त्याची शिळी यादी सर्वांवर लादली जाते; जे क्रमांक तींत नसतील ते सर्वत्र पुसले जातात, आणि त्यांचे पोर्ट मुके होतात. या सोयीच्या तिसऱ्या आवृत्तींत यादी बदलण्याचा अधिकार एका मुख्य स्विचकडे स्पष्टपणें सोंपवावा लागतो, तो याच अनुभवानें. तरीही पुष्कळ जाणकार ही सोय बंद ठेवून प्रत्येक बदल हातानें, किंवा आधीं तपासून घेतलेल्या प्रोग्रामकडून करवितात.

एक भ्रम मात्र दूर केला पाहिजे. व्हीलॅन ही भिंत आहे, कुलूप नव्हे. एका वाड्यांतून दुसऱ्यांत जाण्यास राउटरचें दार लागतें, आणि त्या दारावर कोणास सोडावें याचे नियम लिहिले नाहींत, तर भिंत असून नसल्यासारखीच. म्हणून पाहुण्यांच्या जाळ्यास फक्त बाहेरची वाट मोकळी ठेवावी. स्विचच्या स्वतःच्या कारभारासाठीं निराळा क्रमांक राखावा. आणि रिकामे पोर्ट बंद करून ठेवावे, कारण उघडी खांच ही मागील दाराची उघडी कडीच होय.

या सर्वांच्या मुळाशीं एक साधी वस्तु आहे: वही. कोणता क्रमांक कोणाचा, तो कोणत्या स्विचवर व कोणत्या ट्रंकवर आहे, तो केव्हां आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलला, हें जेथें लिहिलेलें असतें, तेथें जाणता माणूस बदलून गेला तरी जाळें अडत नाहीं. जेथें तें केवळ एकाच्या डोक्यांत असतें, तेथें त्याच्या रजेच्या दिवशीं बिघाड झाला, तर कराची खिडकी बंद राहते आणि रांगेंतला माणूस उन्हांत उभा राहतो.