माहुली सरकतेय!

कसाऱ्याची लोकल आसनगावला थांबली की खिडकीतून माहुलीचा किल्ला दिसतो. तो भटोबाचा सुळका, ते नवरा-नवरीचे सुळके! एवढा थोरला डोंगर, जागचा हलेल का कधी?

हलतो, दोस्तांनो! तुम्ही हे वाचताय तेव्हाही तो सरकतोय. आणि त्याच्याबरोबर शहापूर, मुरबाड, तुमची शाळा, भाताची खाचरं, गोठ्यातल्या म्हशी आणि तुम्हीसुद्धा! वेग किती? वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर. आपली नखं वाढतात ना, त्याहून थोडासाच जास्त.

हे कसं? तापवलेलं दूध निवलं की वर साय धरते. पृथ्वीचं वरचं कवचही तसंच, पण ते अखंड नाही. त्याचे मोठे सात आणि लहान बरेच तुकडे आहेत. त्यांना म्हणतात भूपट्ट. एकेक भूपट्ट साधारण १०० किलोमीटर जाड! खालचा खडक दुधासारखा पातळ नसतो. तो घट्टच असतो, पण इतका तापलेला, की लाखो वर्षांत हळूहळू वाहतो. भूपट्ट त्याच्यावरून सरकतात. आपण बसलोय भारतीय भूपट्टावर, आणि तो निघालाय ईशान्येकडे.

खरी गंमत आणि खरा धोका असतो भूपट्टांच्या कडांवर. तिथे तीन गोष्टी घडतात.

पहिली, दोन भूपट्ट दूर जातात. साय दोन्हीकडून ओढली की मधे फाटते आणि खालचं दूध दिसतं. तशी इथे भेग पडते, तप्त शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, वर येतो आणि थिजून नवी जमीन होते. अरबी समुद्राच्या तळाशी कार्ल्सबर्ग नावाची डोंगररांग आहे. तिथे हे आजही चाललंय. इथले भूकंप बहुधा मध्यम असतात. पण आइसलँडसारख्या ठिकाणी अशी भेग जमिनीवर येते आणि लाव्हा थेट गावाकडे वाहू लागतो.

दुसरी, दोन भूपट्ट धडकतात. गोधडी दोन्ही बाजूंनी ढकलून बघा. घड्या वर आल्या ना? भारतीय भूपट्ट आशियाला असाच धडकला आणि हिमालय उभा राहिला. ही ढकलाढकल अजून थांबलेली नाही. म्हणून २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ क्षमतेचा भूकंप झाला आणि दरडी कोसळल्या. (माळशेज घाटातल्या दरडी मात्र पावसाने सुटतात बरं का!) कधी समुद्राखालचा भूपट्ट दुसऱ्याच्या पोटाखाली शिरतो. तिथे ज्वालामुखी तयार होतात. अंदमानातलं बॅरन बेट असंच बनलंय. अशाच कडांवर समुद्राचा तळ अचानक उसळला की त्सुनामी येते. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ असं झालं आणि लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळल्या. १९४५ साली मकरान किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, मोठा भूकंप झाला. त्याची लाट तर आपल्या मुंबईपर्यंत आली होती!

तिसरी, दोन भूपट्ट एकमेकांना घासत जातात. वीटभट्टीवरच्या दोन खरबरीत विटा एकमेकींवर घासा. आधी अडकतात, मग झटक्यात सुटतात. तो झटका म्हणजे भूकंप! इथे ज्वालामुखी सहसा नसतात. अमेरिकेतल्या सॅन अँड्रियास भेगेवर १९०६ साली असाच झटका बसला आणि सॅन फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त झालं.

मग आपलं काय? आपण या कडांपासून खूप दूर, भूपट्टाच्या आतल्या भागात राहतो. पण नेहमी असं नव्हतं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपली जमीन एका तप्त जागेवरून सरकत होती. आज तिथे रियुनियन बेट आहे. जमिनीतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. नाणेघाटात, माळशेजला कड्यांवर आडवे थर दिसतात ना? ते हेच! पुढे सेशेल्स बेटांचा तुकडा आपल्या पश्चिमेकडून तुटून निघाला आणि मधे समुद्र पसरला. म्हणजे तेव्हा भूपट्टाची फाटती कड आपल्या दाराशीच होती.

आणि दूर असलो तरी बेसावध राहायचं नाही. भूपट्टाच्या आतही जुन्या भेगा असतात. त्यांवर ताण साठतो आणि कधीतरी सुटतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला मोठे भूकंप झाले. आपल्या शहापूर तालुक्यात भातसा धरणात पाणी साठू लागलं, तेव्हा १९८३ साली खर्डी परिसरात धक्के बसले. त्यातला सर्वांत मोठा ४.९ क्षमतेचा होता. धरणाच्या पाण्याचा भार पडतो, पाणी भेगांत झिरपतं आणि आधीच ताणलेला खडक सरकतो. घरात कुणी तेव्हाचं असेल तर विचारा, जमीन हलली तेव्हा कसं वाटलं होतं?

आणि हे पाठच करा: जमीन हलली की भक्कम टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा. बाहेर असाल तर भिंती, झाडं, विजेचे खांब यांपासून लांब मोकळ्यावर थांबायचं.

आता एक काम. ओढ्यातून बारीक भोकांचा काळा दगड शोधा. ती भोकं म्हणजे त्या लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे! दगड खिडकीत ठेवा आणि त्याच्यापासून ईशान्येकडे एक रेघ ओढा, तुमच्या वयाच्या दर वर्षाला ५ सेंटिमीटर. दहा वर्षांचे असाल तर अर्धा मीटर. दर वाढदिवसाला रेघ वाढवा. तुम्ही आणि माहुली, दोघांचा प्रवास एकाच रेघेत!