रणगाडे आणि कासवे

नोव्हेंबर २०१८ मध्ये ५१ चांदणी कासवे सिंगापूरहून विमानाने बंगळूरला परत आणण्यात आली. चोरट्या व्यापाऱ्यांनी ती परदेशी नेली होती. विमानाने आणणे हा या कामातील सोपा भाग होय. पकडलेले कासव मूळचे कोणत्या माळरानावरचे, हे कळणे दुरापास्त. आणि परक्या भूमीवर सोडलेले भूकासव तेथे रुजेलच असे नाही.

याच अडचणीशी अमेरिकेच्या सेनादलांना मोठ्या प्रमाणावर झगडावे लागले आहे. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात त्यांची विस्तीर्ण सरावक्षेत्रे आहेत, आणि तेच वाळवंटी भूकासवाचे घर आहे. हा प्राणी बहुतेक आयुष्य बिळात काढतो. पाऊस पडला की तो भरपूर पाणी पिऊन मूत्राशयात साठवितो व त्यावर वर्षभरही निभावतो. मात्र कोणी एकाएकी उचलल्यास भीतीने तो हा साठा सोडून देतो, आणि पुढे पाऊस न आल्यास प्राणास मुकतो.

१९९० साली या कासवाची गणना संकटग्रस्त प्राण्यांत झाली. तेव्हापासून त्याचे अस्तित्व धोक्यात येईल असे काही करण्यास सरकारी खात्यांना, मग ते सैन्य का असेना, कायद्याने मनाई आहे. सैन्याला तर जागा हवी होती. तेव्हा कासवेच हलवावी असे ठरले. २००८ साली फोर्ट अर्विन येथून सहाशेहून अधिक कासवे दुसरीकडे नेली. दिवस अवर्षणाचे होते. नेहमीचे भक्ष्य दुर्मिळ झाल्याने कोयोटींनी, म्हणजे तिकडील कोल्ह्यांच्या भाऊबंदांनी, पुष्कळ कासवे मारली. पुढे असे आढळले, की न हलविलेली कासवेही त्यांच्या तडाख्यातून सुटली नव्हती. तरी स्थलांतराचे काम थांबवावेच लागले.

२०१७ मध्ये ट्वेंटीनाइन पाम्स येथील मरीन दलाने हजाराहून अधिक कासवे हेलिकॉप्टरने हलविली. पुष्कळांच्या पाठीवर बिनतारी प्रेषक चिकटविले होते, म्हणजे पुढे त्यांचे काय झाले याचा माग लागावा.

याच तळावर एक बालसंगोपनगृहही आहे! सुमारे २००५ पासून विद्यापीठीय शास्त्रज्ञांच्या साहाय्याने ते चालते. गाभण माद्यांना कुंपणाच्या आत आणतात, त्या अंडी घालतात आणि मग त्यांना परत सोडतात. वरून जाळे पसरलेले असते, कारण मुख्य शत्रू आहे डोमकावळा. माणसाचा कचरा, पाणी आणि विजेचे खांब यांमुळे वाळवंटात त्याची संख्या अनेक पटींनी वाढली आहे. काड्यापेटीएवढ्या पिलाचे कवच मऊ असते. ते त्याच्या चोचीला सहज फुटते. म्हणून कवच टणक होईपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षे, पिले तेथेच वाढविली जातात. त्यांनी स्वतः अंडी घालण्यास वयाची तेरा ते वीस वर्षे उलटावी लागतात.