मोटारीचा विमा : सोखेनकडून की थेट?

इस्राएलमध्ये ‘होवा’ विमा कुठूनही घ्या, संरक्षण तेच. १९७५ च्या कायद्याप्रमाणे तो माणसांच्या दुखापतीची भरपाई देतो, चूक कोणाचीही असो. म्हणून तिथे फक्त किंमत बघावी. सर्व कंपन्यांचे दर सरकारी संकेतस्थळावर मिळतात. दुसऱ्याच्या गाडीचे नुकसान मात्र त्यात येत नाही, त्यासाठी निदान ‘साद गिमेल’ हवाच.

‘मकीफ’ची गोष्ट निराळी. अपघातानंतर पदरचे किती भरायचे आणि गाडी कोणी चालवायची, याच्या अटी पॉलिसीगणिक बदलतात. शब्बाथ सुटल्यावर नातू किल्ली मागतो. तो २४ वर्षांखालचा असेल आणि पॉलिसीत बसत नसेल, तर भरपाई अडू शकते.

थेट कंपनी पुष्कळदा स्वस्त पडते, पण फोनवरचे हिब्रू भरधाव असते. तेव्हा ‘केन’ म्हणण्याआधी अटी लेखी मागाव्यात. सोखेन सावकाश समजावतो, दाव्याच्या वेळी धावपळही करतो. (मुंबईत एलआयसीचा एजंट असाच घरचा होऊन जाई.) त्याचे कमिशन कंपनी देते, तरी ते आपल्याच हप्त्यातून निघते. तो किती कंपन्यांचे काम करतो आणि अपघात झाल्यावर फोन कोण उचलणार, हे त्याला जरूर विचारावे.

कंपनी बदलायची झाल्यास मागील तीन वर्षांचा ‘हेअदेर त्वीओत’, म्हणजे दावे न केल्याचा दाखला, जुन्या कंपनीकडून आधी घेऊन ठेवावा.