मिसिसिपीच्या पलीकडचा स्पायडरमॅन

३१ ऑगस्ट २००९ रोजी डिस्नीने जाहीर केलं की आपण मार्व्हल विकत घेत आहोत. किंमत सुमारे ४ अब्ज डॉलर. वर्ष संपता संपता व्यवहार पूर्ण झाला आणि स्पायडरमॅन, आयर्न मॅन, हल्क, कॅप्टन अमेरिका यांच्यासह पाच हजारांहून अधिक पात्रं मिकी माउसच्या घरात आली. आता डिस्नीच्या सगळ्या उद्यानांत हे सुपरहिरो दिसू लागणार, असं कुणालाही वाटलं असतं. तसं झालं नाही. डिस्नीचं सगळ्यात मोठं संकुल फ्लोरिडात, ऑरलँडोजवळ आहे. तिथे आजही स्पायडरमॅन भेटत नाही, आणि त्याला अडवणारी गोष्ट म्हणजे एक नदी.

ही नदी मिसिसिपी. उत्तरेला मिनेसोटात उगम पावून सुमारे ३,७०० किलोमीटर वाहत ती मेक्सिकोच्या आखाताला मिळते आणि अमेरिकेचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग पाडते. १९९४ मध्ये मार्व्हलने युनिव्हर्सल उद्यानांची तेव्हाची मालक कंपनी एमसीए हिच्याशी जो करार केला, त्यात ही नदी सीमारेषा म्हणून लिहिलेली आहे. नदीच्या पूर्वेला युनिव्हर्सल ज्या मार्व्हल पात्रांचा वापर करत असेल, ती दुसऱ्या कुठल्याही थीम पार्कला वापरता येणार नाहीत. पश्चिमेला मोकळीक जास्त, पण तिथेही राइडच्या नावात किंवा पाटीवर ‘मार्व्हल’ हा शब्द लावायचा नाही. हा करार सरकारदरबारी दाखल झालेल्या कागदपत्रांत कुणालाही वाचायला मिळतो, आणि मी तो एखाद्या रहस्यकथेसारखा वाचला आहे. त्यातलं एकेक वाक्य पुढे काँक्रीट आणि पोलाद होऊन कुठे उभं राहिलं, ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं.

मार्व्हलने एवढं देऊन का टाकलं, हे समजायला तो काळ आठवावा लागतो. आयर्न मॅनचा पहिला चित्रपट २००८ चा. १९९४ मध्ये मार्व्हल म्हणजे मुख्यतः कॉमिक्स छापणारी कंपनी होती, आणि कॉमिक्सचा बाजार बसायला लागला होता. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. एका पात्राचे हक्क किती वेगवेगळ्या ताटांत वाढता येतात, तेही त्या वर्षांत दिसलं. स्पायडरमॅनच्या चित्रपटांचे हक्क सोनीकडे गेले, एक्स-मेनचे फॉक्सकडे आणि उद्यानांचे युनिव्हर्सलकडे. डिस्नीने २००९ मध्ये जे घेतलं ते या सगळ्या बोज्यांसकट. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार केलेल्या माणसाला हे पटकन उमगेल: सातबाऱ्यावर मालकाचं नाव बदललं म्हणून कुळाचा हक्क उठत नाही. युनिव्हर्सल इथे कूळ आहे, आणि करारातल्या अटी पाळून राइड चालू ठेवतं तोवर ते उठणार नाही.

करारातली मला सगळ्यात भन्नाट वाटलेली अट ‘कुटुंबा’ची. एखादं पात्र युनिव्हर्सल वापरत असेल तर त्याच्या कुटुंबातली इतर पात्रंही वापरात आहेत असं धरायचं. ॲव्हेंजर्समधला एक जण उद्यानात असला की सगळे ॲव्हेंजर्स अडकले. फँटॅस्टिक फोरचंही तेच. नायक वापरात असला की त्याचे खलनायकही त्याच्यासोबत गेले! कोण कुणाचं नातेवाईक, कोण कुणाचा वैरी, असे प्रश्न वकिलांनी कॉमिक्सचे गठ्ठे समोर घेऊन सोडवायचे.

युनिव्हर्सलने मिळालेल्या हक्कांचं सोनं केलं, हे मान्य करायला हवं. २८ मे १९९९ रोजी ऑरलँडोत ‘आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर’ उघडलं. त्यातला एक अख्खा भाग मार्व्हल सुपरहिरोंचा. इमारती कॉमिकच्या पानासारख्या भडक रंगांच्या, पात्रं चित्रातली, आजही चित्रपटांतल्या नटांच्या चेहऱ्यांशी संबंध नसलेली. तिथली स्पायडरमॅनची राइड मला या साऱ्या प्रकारातली शिखरावरची कलाकृती वाटते. त्रिमित चित्रपट आपण खुर्चीत बसून पाहतो तेव्हा पडद्यावरची खोली एका ठरावीक जागेवरून बरोबर दिसते. खुर्चीच चालू लागली तर? इथे बारा जणांची गाडी रुळावरून धावते, गिरकी घेते, झुकते आणि धावता धावता मोठाल्या पडद्यांसमोरून जाते. पडद्यावरचा रस्ता सरळ चितारला असता तर गाडी हलताच तो रबरासारखा ताणलेला दिसला असता. म्हणून गाडी कोणत्या क्षणी कुठे असेल याचं गणित मांडून पडद्यावरचं चित्रच क्षणोक्षणी उलट्या बाजूला वाकवत नेलं. दोन्ही वाकडेपणा एकमेकांना खाऊन टाकतात आणि बसलेल्याला खरीखुरी गल्ली दिसते, भिंतीमागून पुढे सरकणारी दुसरी भिंत दिसते. हे १९९९ चं काम आहे. २०१२ मध्ये सगळी चित्रं नव्या तंत्राने पुन्हा बनवली, आणि स्पायडरमॅनच्या जनकांपैकी एक असलेले स्टॅन ली त्यात ठिकठिकाणी डोकावून जातात.

मग डिस्नीने काय केलं? ती पश्चिमेला वळली, आणि समुद्रापलीकडेही. डिस्नीच्या उद्यानातली पहिली मार्व्हल राइड अमेरिकेत उघडलीच नाही. ती ११ जानेवारी २०१७ रोजी हाँगकाँगमध्ये आली, आयर्न मॅनची. तिच्यात बसलेला माणूस हाँगकाँगच्याच आकाशात उडतो, त्याच्या ओळखीच्या उंच इमारतींमधून. नायकाला प्रेक्षकाच्या गावात आणून उभं करायचं, ही कल्पना मला फार आवडते. (खोपोलीच्या इमॅजिकात ‘मिस्टर इंडिया’वर बेतलेली राइड आहे, आपल्या पडद्यावरच्या अदृश्य नायकालाही उद्यानात घर मिळालं ते असंच.)

कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला डिस्नीने वेगळीच युक्ती केली. तिथे १३ मजली हॉटेलसारखी दिसणारी एक भुताटकीची इमारत होती, तिच्यातली लिफ्ट अचानक कोसळायची. २ जानेवारी २०१७ हा तिचा शेवटचा दिवस. २७ मे रोजी तीच इमारत ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ची झाली. पाच महिनेही लागले नाहीत, कारण आतलं यंत्र ठेवून गोष्ट बदलली होती. आधी लिफ्ट कोसळायची भुताटकीमुळे. आता कोसळते ती अंतराळातल्या एका संग्राहकाच्या किल्ल्यातून कैद्यांना पळवून नेताना, मोठ्याने गाणी लावून. खरं तर ती नुसती कोसळत नाही. मोटर तिला तारेने खाली ओढते, गुरुत्वाकर्षणापेक्षाही वेगाने, म्हणून बसलेला माणूस खुर्चीवरून उचलला जातो आणि पट्टा त्याला धरून ठेवतो. पूर्वी याच झटक्याला लोक भीतीने ओरडायचे, आता हसत ओरडतात. गोष्टीत एवढी ताकद असते, हे मला पोलादाच्या सगळ्या कसरतींपेक्षा मोठं आश्चर्य वाटतं. जुन्या राइडवर जीव असलेल्यांनी पुष्कळ हळहळ व्यक्त केली, आणि तीही समजण्यासारखी आहे.

त्याच इमारतीभोवती ४ जून २०२१ रोजी ‘ॲव्हेंजर्स कॅम्पस’ उघडलं. नावात मार्व्हल नाही हे लक्षात आलं असेलच. इथे छपरावर स्पायडरमॅन येतो, खालच्या गर्दीशी गप्पा मारतो, क्षणभर नजरेआड होतो आणि पुढच्याच क्षणी आकाशात उसळून सुमारे ६५ फूट उंचावर कोलांट्या घेत इमारतीमागे उतरतो. मग तोच भिंतीवरून सरसर खाली येऊन मुलांना हात करतो. बोलणारा आणि भिंत उतरणारा माणूस असतो. मधे उडणारा यंत्रमानव.

डिस्नीच्या संशोधकांनी या कामाची सुरुवात केली ती हातपाय नसलेल्या, दोनदा घडी घालता येईल अशा काठीसारख्या यंत्रापासून. २०१८ मध्ये त्यांनी त्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. तार वर ओढून यंत्राला झोका द्यायचा आणि नेमक्या क्षणी त्याने तार सोडायची. सुटल्यानंतर ना पंख, ना दोरी, ना इंजिन. जाण्याचा मार्ग सुटण्याच्या क्षणीच ठरून गेलेला असतो आणि तो कुणालाही बदलता येत नाही. यंत्राच्या हाती एकच गोष्ट उरते, स्वतःचा आकार. अंग आखडून घेतलं की गिरकीचा वेग वाढतो, अंग ताणलं की मंदावतो. वारा जरा वेगळा असेल, झोका केसभर कमी पडला असेल, तर प्रत्येक उड्डाण थोडं निराळं होतं. म्हणून आतले संवेदक सतत मोजत राहतात: मी किती वळलो, किती वेगाने वळतोय, खाली जाळं यायला किती वेळ आहे. त्यावरून गुडघे कधी पोटाशी घ्यायचे आणि कधी सोडायचे, हे यंत्र स्वतः ठरवतं, म्हणजे जाळ्यात पडताना अंग बरोबर बाजूला असेल. हे सगळं दोन-तीन श्वासांत. २०२२ मध्ये एकदा गणित चुकलं आणि यंत्रमानव समोरच्या इमारतीवर आदळला. तिथे यंत्रच का उडवतात, माणूस का नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

कुटुंबाने एकत्र जायच्या उद्यानात मारामारीवर जगणारी पात्रं आणायची, तर अडचण तंत्राचीच असते असं नाही. मार्व्हलच्या चित्रपटांत माणसं मरतात. २०१९ च्या ‘एंडगेम’मध्ये आयर्न मॅन मेला आणि जगभरची मुलं चित्रपटगृहातून रडत बाहेर पडली. उद्यानात डिस्नीच्या रचनाकारांनी वेगळंच विश्व धरलं, ज्यात चित्रपटांतल्यासारखी अर्ध्या सृष्टीची राख झालीच नाही. तिथे चिलखतातला आयर्न मॅन मुलांना भेटतो. मला हा निर्णय मनापासून पटतो. पाच वर्षांच्या मुलाला कथेची सलगता नको असते, त्याला आयर्न मॅन हवा असतो.

तीच काळजी राइडमध्ये दिसते. युनिव्हर्सलच्या हल्क कोस्टरवर बसायला साडेचार फूट उंची लागते. कॅलिफोर्नियाच्या लिफ्टला तीन फूट चार इंच. पण कॅम्पसमधल्या स्पायडरमॅनच्या राइडला उंचीची अटच नाही. गाडीत आजी आणि नातू शेजारी बसतात, समोर छोट्या यंत्रकोळ्यांचा सुळसुळाट झालेला असतो आणि हात पुढे झटकला की पडद्यावर जाळं सुटतं. हातात बंदूक नाही, बटण नाही. कॅमेरे बसलेल्यांचे हात पाहतात आणि कुणी कुठे झटका मारला ते ओळखतात. शत्रू म्हणून माणसाऐवजी बिघडलेली छोटी यंत्रं ठेवली, म्हणून लहान मुलांच्या मोकळ्या हातांना नेम धरायला हरकत राहिली नाही.

फ्लोरिडात डिस्नीने अखेर फट शोधली. ‘गार्डियन्स’ची मंडळी १९९९ मध्ये फारशी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती, युनिव्हर्सलने ती वापरलीच नव्हती. २०१४ च्या चित्रपटाने ती घराघरांत पोचली. नदीच्या पूर्वेला डिस्नीला मोकळी मिळालेली मोठी मंडळी तीच. २७ मे २०२२ रोजी डिस्नीच्या तिथल्या एपकॉट उद्यानात ‘गार्डियन्स’ची ‘कॉस्मिक रिवाइंड’ उघडली. ही बंदिस्त इमारतीतली रोलर कोस्टर आहे. गाडी उलट्या दिशेने वेग घेते, आणि धावता धावता प्रत्येक डबा गोष्ट जिकडे घडतेय तिकडे तोंड वळवतो. एपकॉटची ओळख म्हणजे तिथला एक प्रचंड गोल; तसे चार गोल या इमारतीत मावतील, इतकी ती मोठी. आत सहा गाण्यांपैकी एक लागतं आणि कोणतं लागेल ते आधी कळत नाही.

२०१९ मध्ये डिस्नीने फॉक्सचाही मोठा भाग विकत घेतला. एक्स-मेनचे चित्रपट त्यामुळे घरी परतले, उद्यानांतले एक्स-मेन मात्र पूर्वेला युनिव्हर्सलकडेच राहिले. सिम्पसन्सही डिस्नीचे झाले, तरी त्यांची राइड युनिव्हर्सलमध्ये चालू राहिली.

तेव्हा अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा लेकीकडे निघाला असाल आणि नातवंडांना घेऊन या उद्यानांत जायचा बेत असेल, तर आधी त्यांना विचारा की कोण भेटायला हवंय. फ्लोरिडात स्पायडरमॅन किंवा हल्क हवा असेल तर युनिव्हर्सलच्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरचं तिकीट काढा, ‘गार्डियन्स’ची मंडळी हवी असेल तर एपकॉटचं. आयर्न मॅन आणि उडणारा स्पायडरमॅन एकाच ठिकाणी पाहायचे तर कॅलिफोर्निया गाठा. आणि निघण्याआधी मुलांची उंची इंचात मोजून ठेवा. दारावरची पट्टी कुणाचंच ऐकत नाही.