मातीच्या धरणातील गाळण-वस्त्र : निवड मातीवरून, जागा धोक्यावरून

चेन्नईला पाणी पुरविणाऱ्या जलाशयांपैकी चेंबरम्बाक्कम हा मातीच्या बांधाचा जुना तलाव आहे. पूर्ण भरल्यावर त्यात 24 फूट खोल, 3,645 दशलक्ष घनफूट पाणी साठते. डिसेंबर 2015 च्या अतिवृष्टीत येथून अड्यार नदीत मोठ्या प्रमाणावर पाणी सोडावे लागले. अशा बांधाला धोका केवळ माथ्यावरून ओसंडणाऱ्या पाण्याचा नसतो. पोटातून झिरपणारे पाणीही त्याला पोखरते. तमिळनाडूतील ‘एरी’ असो वा महाराष्ट्रातील पाझर तलाव, हा धोका दोन्हीकडे सारखाच आहे.

गाळणीचे कार्य

मातीच्या बांधातून थोडा पाझर होणारच. तो स्वच्छ असेपर्यंत चिंतेचे कारण नसते. मात्र पाण्याबरोबर मातीचे कण वाहू लागले की आत पोकळी तयार होऊन ती मागे मागे वाढत जाते. म्हणून गाळणीने कण अडवावेत आणि पाणी जाऊ द्यावे. पूर्वापार हे काम प्रतवारी केलेली वाळू व खडी करते. चांगली वाळू दुर्मीळ व महाग झाल्याने जिओटेक्स्टाईल, म्हणजे कृत्रिम धाग्यांचे गाळण-वस्त्र, हा पर्याय पुढे आला. फ्रान्समधील 17 मीटर उंचीच्या वाल्क्रो धरणात 1970 मध्ये त्याचा वापर झाला.

निवड कशी करावी?

वस्त्राची जाडी, वजन वा किंमत पाहून निवड करणे चुकीचे आहे. प्रथम बांधातील मातीचे कणविश्लेषण करून घ्यावे. भूमिगत निचऱ्यासाठी अमेरिकेत रूढ असलेले निकष प्राथमिक अंदाजास उपयोगी पडतात. 0.075 मि.मी. चाळणीतून 15 टक्क्यांपेक्षा कमी माती जात असल्यास वस्त्राची छिद्रे कमाल 0.43 मि.मी., 15 ते 50 टक्के जात असल्यास 0.25 मि.मी. आणि 50 टक्क्यांपेक्षा अधिक जात असल्यास 0.22 मि.मी. असावीत.

छिद्रे जितकी बारीक तितकी गाळण उत्तम, हा समजही चुकीचा आहे. फार बारीक छिद्रे बुजतात आणि अडलेले पाणी बांधात दाब निर्माण करते. म्हणून वस्त्राची पारगम्यता लगतच्या मातीपेक्षा बरीच अधिक असावी. साधारणतः सुयांनी गुंफलेले, न विणलेले वस्त्र गाळणीस योग्य ठरते. चपट्या पट्ट्यांचे विणलेले कापड टाळावे. पाण्यात आपोआप विखुरणाऱ्या मातीसाठी प्रत्यक्ष मातीसह प्रयोगशाळेत चाचणी घेतल्याशिवाय निर्णय घेऊ नये. काथ्याचे वस्त्र उतारावर गवत रुजविण्यास चांगले. परंतु ते कुजते, म्हणून कायमस्वरूपी गाळणीस अयोग्य आहे.

कोठे वापरावे?

वस्त्र बुजले वा फाटले तर ते उकरून बदलता येईल का, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दगडी पिचिंगखालील थर व पायथ्याचा उथळ निचरा येथे ते बदलता येते. बांधाच्या पोटात, गाभ्यालगत, ते शक्य नसते. तेथील बिघाडाने धरणच धोक्यात येत असेल, तर एकट्या वस्त्रावर विसंबू नये, अशी भूमिका अमेरिकेच्या आपत्कालीन व्यवस्थापन संस्थेने 2008 च्या अहवालात मांडली आहे. तेथे वाळूची गाळणच श्रेयस्कर ठरते.

बसविताना व नंतर

वस्त्र मातीला सर्वत्र टेकलेले असावे. खाली पोकळी राहू नये. जोडांवर किमान 30 सें.मी. आच्छादन द्यावे. त्यावर दगड थेट न टाकता आधी वाळू-खडीचा थर पसरावा. सूर्यप्रकाशाने धागे कमकुवत होतात, म्हणून दोन आठवड्यांच्या आत वस्त्र झाकावे.

पावसाळ्यात पायथ्याच्या पाझराचे पाणी काचेच्या बाटलीत भरून काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी माती बसली, तर तत्काळ संबंधित अभियंत्यांस कळवावे. गळतीचे तोंड चिकणमातीने बुजवू नये. त्याने पाणी थांबत नाही, ते दुसरी वाट शोधते. अशा वेळी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली त्या जागी वाळू, त्यावर बारीक खडी व वर जाड खडी असा भार देणे हा योग्य उपाय आहे.